वळचणीचं पाणी आढ्याला

आठव्या मजल्यावरच्या वहिनींनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं, त्यातच प्रकरण निम्मं सुटलं होतं. ते माझ्या डोक्यात शिरायला तीन आठवडे लागले, हा भाग वेगळा.

त्या म्हणाल्या, "पावसात हॉलच्या खिडकीच्या पट्टीत पाणी साचतं. पण मी पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी उघडली, की ते उकळायला लागतं. बंद केली की गप्प."

"उकळतं म्हणजे?"

"भाताचं आधण येतं ना, तसं. बुडबुडे येतात आणि मग लादीवर उतू जातं."

मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले सोसायटीचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाब, त्यांचं राहू दे. तुम्ही आधी टेरेस बघा." वहिनींचा मुद्दा मी वहीत टिपला खरा, पण पानाच्या कोपऱ्यात, आणि टेरेस बघायला जिना चढलो. लिफ्ट बंद होती, कारण तिच्या खड्ड्यातही पाणी आलं होतं.

इमारत

गोव्याच्या मुरगाव तालुक्यातल्या एका पठाराच्या कडेला तीन टॉवर आहेत. प्रत्येकी स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, आणि वर आठ मजले. टेरेसच्या कठड्याचा माथा जमिनीपासून साधारण २७ मीटरवर. मुंबईचा माणूस याला टॉवर म्हणताना हसेल. पण राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच ती उंच इमारत. आमच्याकडचं मोजमाप तर त्याहून सोपं आहे : माडांच्या वर डोकं काढलं की टॉवर. या तिघांच्या पश्चिमेला माडही नाहीत. जांभ्याचा सडा, थोडी खुरटी झुडपं आणि पुढे उतार. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की समुद्रावरचा वारा मध्ये कशालाही न अडखळता थेट भिंतीवर येतो.

ही हकिकत त्यातल्या एका टॉवरची. त्यात ३२ फ्लॅट, त्यातले १६ पश्चिमेचे. जाहिरातीत हेच १६ महाग होते, कारण समुद्र दिसतो. ताबा २०१९ साली मिळाला. २०२० च्या पावसात वरच्या मजल्यांच्या छतांना ओल आली. सोसायटीनं वर्गणी काढली, टेरेसवर विटांच्या तुकड्यांचा नवा ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर चिनीमातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घेतलं. काम चांगलं झालं होतं. कठड्याच्या पायथ्याशी कोपरा बुजवणारा वाटा गोल आणि भरीव, उतार नाहणीकडे, म्हणजे पाणी जायच्या तोंडाकडे, नीट. मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. रविवार होता, वर करोनाची संचारबंदी, त्यामुळे सगळे घरी. कुठे, कधी आणि किती पाणी आलं याचे सोळाच्या सोळा घरांतून साक्षीदार मिळाले. एरवी गळतीच्या तपासात हे भाग्य लाभत नाही. पाणी येतं तेव्हा माणसं कामावर असतात, आणि संध्याकाळी दिसते ती फक्त ओल.

मला बोलावलं ते जूनच्या शेवटी. इमारतींचे आराखडे करणारं माझं कार्यालय फोंड्याला. उंच इमारती मी फार केलेल्या नाहीत हे मी सोसायटीला आधीच सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "ज्यांनी केल्या त्यांनीच ही केली ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टेरेस निर्दोष

आठव्या मजल्यावरच्या सगळ्या छतांवर ओलीच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारून मी तारीख घातली. पावसानं उघडीप दिली तेव्हा टेरेसच्या नाहण्या गोणपाटानं बंद केल्या, तीन बोटं पाणी भरलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. खालच्या एकाही छतावर ओल रेघेबाहेर सरकली नाही. पाणी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पश्चिमेची झड आली, दोन तास टिकली, आणि संध्याकाळपर्यंत चार खोल्यांत ओल रेघ ओलांडून वीतभर पुढे गेली होती.

म्हणजे पाणी टेरेसवरून झिरपत नव्हतं. सेक्रेटरींचा चेहरा मी विसरणार नाही. टेरेस निर्दोष सुटली, पण तिच्यावर घातलेली वर्गणी काही परत येणार नव्हती.

मग पश्चिमेच्या दर्शनी नकाशाची मोठी प्रत काढली आणि घरोघर फिरून ओलीच्या जागा तांबड्या पेन्सिलनं रंगवल्या. चित्र उमटलं ते असं : सगळ्यात गडद वरचे तीन मजले आणि इमारतीच्या दोन्ही उभ्या कडा. खाली उतरावं तसा रंग फिका. बेडरूम जवळजवळ सगळ्या ओल्या. हॉल मात्र सोळापैकी तेरा ओले आणि तीन कोरडे. हे तीन एका मजल्यावरचे नव्हते, एका रांगेतलेही नव्हते. एक तिसऱ्यावर, एक पाचव्यावर आणि एक चक्क सातव्यावर, जिथं शेजारचा हॉल पार भिजलेला.

त्या तिन्ही घरांत साम्य एकच. त्यांनी हॉलची बाल्कनी काचा लावून बंद केलेली नव्हती. कारणांचा वास्तुकलेशी काही संबंध नाही. तिसऱ्याचा मालक पोर्तुगालला, घर कुलूपबंद. पाचव्यावरच्या काकू मे महिन्यात बाल्कनीत सोलां (आमसुलं) वाळवतात आणि काचेआड ती नीट वाळत नाहीत. सातव्यावरच्या आजोबांना घरात विडी ओढायची परवानगी नाही.

वारा आणि अठरा मिलिमीटर

'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' असं आपण म्हणतो. प्रियोळातल्या आमच्या घरी ते खरंच होतं. छप्पर इतकं खाली उतरलेलं की पडवीत शिरताना उंच माणसानं वाकावं. पागोळ्या भिंतीपासून चार हात लांब पडायच्या, आणि पश्चिमेच्या पडवीला पावसाआधी चुडतांची मल्लां बांधून झड अडवायची. भिंत हातभर जाडीच्या चिऱ्यांची. तिच्यावर थोडं पाणी आलंच तर ती पिऊन घ्यायची आणि ऊन पडलं की सोडून द्यायची.

उंच इमारतीवर मात्र ही म्हण उलटी होते, आणि तीही शब्दशः. वारा सपाट भिंतीवर आदळला की त्याला पुढे जाता येत नाही. साधारण दोन तृतीयांश उंचीवर तो दुभंगतो : खालचा वारा खाली वळतो, वरचा वर चढून कठडा ओलांडतो, कडेचा बाजूंनी निसटतो. पावसाचे थेंब जड, ते इतक्या चटकन वळू शकत नाहीत आणि वरच्या पट्ट्यावर व कडांवर जोरानं आपटतात. भिंतीवर जो पाण्याचा पातळ पडदा तयार होतो, त्याला वरच्या भागात वारा खालून वर ढकलतो. माझ्या तांबड्या पेन्सिलीनं नेमका हाच आकार रंगवला होता.

आठव्या मजल्याच्या छतांचं कोडं इथं सुटलं. कठड्याच्या माथ्यावरच्या लादीचा उतार बाहेरच्या बाजूला दिलेला, आणि तिच्या खालच्या कडेला ड्रिपची खाच नाही. ही बोटभर रुंदीची खाच थेंबाला लोंबकळायला लावून खाली पाडते. ती नसली की थेंब कडेला चिकटून मागे भिंतीत सरकतो. इथं पाणी वाऱ्याबरोबर वर चढत होतं, लादीखालच्या सांध्यात शिरत होतं आणि कठड्याच्या पोटातून स्लॅबच्या कडेला उतरत होतं. टेरेसचं नवं जलरोधन कठड्याच्या आतल्या अंगाला फूटभर चढवलेलं. पाणी त्याच्या पाठीमागून येत होतं.

खिडक्यांचं उत्तर मात्र वहिनींच्या आधणात होतं. जुलैच्या मध्यावर एका झडीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो. सरकत्या खिडकीची दोन रुळांची ॲल्युमिनियमची पट्टी, बाहेरच्या बाजूला पाणी निघायला दोन भोकं, आतल्या बाजूला उभी कड. पट्टी मोजली. आतली कड १८ मिलिमीटर.

वाऱ्याचा दाब काढायचं भारतीय मानकातलं सूत्र सोपं आहे : वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. उत्तर पास्कलमध्ये येतं. वेग २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असेल तर २४० पास्कल. हा दाब पाण्याला किती वर उचलतो? जवळजवळ २४ मिलिमीटर. म्हणजे पट्टीतलं पाणी बाहेर जायच्या भोकांतून बाहेर जाणं सोडाच, वारा त्याच भोकांतून हवा आत फुंकतो आणि पाण्याची पातळी आत चढते. १८ मिलिमीटरची कड ओलांडायला ताशी ६२ किलोमीटरच्या आसपासचा झोत पुरतो. पणजीसाठी मानकात धरलेला मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे, तोही जमिनीपासून १० मीटरवरचा. त्या वेगाला पाणी ९० मिलिमीटरच्या वर चढेल. तसा झोत पन्नास वर्षांतून एकदा येईल या हिशेबानं धरलेला असतो हे मान्य, पण ६२ ला पावसाळ्यात पठारावर कोणी बातमीसुद्धा म्हणत नाही.

आणि स्वयंपाकघराची खिडकी? ती पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला. तिथं इमारतीच्या पाठीमागे वारा हवा ओढून घेतो. ती उघडली की अख्ख्या घरातला दाब उतरतो, समोरच्या खिडकीवरचा फरक वाढतो, आणि हवा पट्टीतल्या पाण्यातून बुडबुडत आत येते. मी वहिनींना खिडकी उघडायला सांगितली. आधण आलं. बंद करायला सांगितली. गप्प. असं चार वेळा केलं. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "आता पटलं का?"

नकाशे

इथवर हे खिडकीचं प्रकरण वाटतं. आराखडा करणाऱ्यांचा संबंध पुढे येतो.

सोसायटीच्या कपाटात मंजूर नकाशे होते. कामाचे नकाशे बिल्डरकडून मागवायला सप्टेंबर उजाडला. पहिला संच २०१५ चा, मुंबईच्या एका कार्यालयानं केलेला. तो पाहून मी थोडा वेळ गप्प बसलो. उत्तम काम होतं. पश्चिमेला हॉल आणि बेडरूम दोन्हींच्या पुढे १.८ मीटर खोल बाल्कनी, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. सगळ्या खिडक्या तिच्या मागे. बाल्कनीच्या स्लॅबच्या कडेला ड्रिपची खाच मोठ्या मापात स्वतंत्र काढून दाखवलेली. ज्यानं हे काढलं त्याला पाऊस ठाऊक होता. प्रियोळच्या पडव्या एकावर एक रचाव्या तसं ते दिसत होतं.

तिसरी दुरुस्ती २०१७ ची. बेडरूमपुढची बाल्कनी गेली आणि तिची जागा खोलीत आली. खिडकी १.८ मीटर पुढे सरकून बाहेरच्या भिंतीत बसली. हॉलची बाल्कनी उरली, पण १.२ मीटर. कारण कागदावर लिहिलेलं नसलं तरी तारखेवरून अंदाज येतो. त्याच वर्षी मे महिन्यात घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, आणि त्यातल्या चटईक्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) व्याख्येत बाल्कनी धरत नाहीत. ग्राहकाच्या हिताचीच तरतूद, मी तिच्या विरोधात नाही. पण विकणाऱ्याच्या दृष्टीनं बाल्कनी एका रात्रीत 'न मोजलं जाणारं' क्षेत्र झाली. हातात एफएसआय, म्हणजे बांधकामाची परवानगी, शिल्लक असेल तर ती खोलीत ओढून घेणं फायद्याचं.

हे सगळं अजूनही सावरता आलं असतं. संचातला शेवटचा कागद म्हणजे खिडक्यांचा तक्ता : कोणती खिडकी, किती रुंद, किती उंच, कोणत्या मालिकेची पट्टी. त्याच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा रकाना कोरा होता. तारीख २०१५. बाल्कनीच्या मागे १.८ मीटर आडोशाला बसायची म्हणून निवडलेली १८ मिलिमीटर कडेची साधी पट्टी, आणि त्या जागी ती योग्यच होती. खिडकी पुढे सरकली, उघड्यावर आली, पण कागदावर खिडकी तीच राहिली. पुढे तेरा घरांनी हॉलच्या बाल्कनीच्या कडेला काचा लावल्या, तेव्हा काम बिल्डरच्या खिडक्या करणाऱ्या त्याच फॅब्रिकेटरला दिलं आणि त्यानं तीच पट्टी लावली. बेडरूमची चूक बिल्डरनं केली, तीच हॉलची रहिवाशांनी स्वतःच्या खर्चानं केली.

२०१५ चा संच करणाऱ्या मुंबईच्या डिझायनर बाईंशी फोनवर बोललो. त्या टाळाटाळ करतील असं वाटलं होतं, उलट त्यांनीच नकाशे उघडून समोर ठेवले. म्हणाल्या, "तिसरी दुरुस्ती आमच्याकडे आलीच नाही. आमचं काम मंजुरीच्या आधीच संपवलं होतं." स्थानिक आर्किटेक्ट माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, "मला मंजुरीपुरतं नेमलं होतं, खिडक्यांचा तक्ता माझ्या कामात नव्हता." फॅब्रिकेटर म्हणाला, "सर, तक्त्यात लिहिलंय ते दिलं." आरसीसी सल्लागाराचा तर संबंधच नव्हता, त्यांनी उलट बाल्कनीचा भार कमी झाला म्हणून गज कमी केले होते. सगळे खरं बोलत होते. मी मनाशी म्हटलं, त्यांच्या जागी आपण काय केलं असतं? फोंड्यात मी अशाच पट्ट्या भिंतीच्या बाहेरच्या रेषेत बसवलेल्या आहेत. तिथं चार मजले आणि तिन्ही बाजूंना माड, म्हणून निभावलं.

कांचनगंगा आणि 'ते श्रीमंतांचं'

ऑक्टोबरच्या सर्वसाधारण सभेत मी दोन चित्रं दाखवली. एक २०१५ चा नकाशा. दुसरं मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनगंगा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी केलेली उंच निवासी इमारत.

कोरियांचं घराणं गोव्याचं, आणि सभेतल्या निम्म्या लोकांनी पणजीला कांपालच्या कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धा पाहिलेल्या, त्यामुळे नाव सांगावं लागलं नाही. मांडवीकाठी आडवी पसरलेली अकादमी आणि मुंबईतला उभा सुळका ही एकाच माणसाची कामं, आणि दोन्ही १९८३ च्या सुमारास पुरी झाली, याचं मात्र बऱ्याच जणांना नवल वाटलं.

कांचनगंगेपुढचा प्रश्न आमच्यासारखाच होता. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, बंदराचा देखावा पूर्वेला, म्हणून घर पूर्व-पश्चिम उघडं हवं. पण तापणारं ऊन आणि पावसाची झडही त्याच दिशांची. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा गुंडाळून उत्तर काढलं होतं. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून ८४ मीटर उंचीवर नेला. चौकोनी बुंधा, प्रत्येक बाजू २१ मीटर, आणि त्याच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या उघड्या गच्च्या कोरून काढलेल्या. राहत्या खोल्या त्यांच्या मागे. लिफ्ट-जिन्यांचा गाभा मध्यभागी. आडव्या वाऱ्याचा जोर मुख्यतः तो घेतो, म्हणून कोपरे असे मोकळे सोडता येतात. सहकारी आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि संरचनेचे अभियंते शिरीष पटेल. १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून नव्या मुंबईची कल्पना मांडणारे हेच तिघे. एक आर्किटेक्ट गच्ची मागतो आणि अभियंता ती हवेत धरून ठेवायची वाट शोधतो, हे एकाच टेबलावर घडत असेल तेव्हाच असा कोपरा उभा राहतो. आमच्या टॉवरचे तज्ज्ञ एकमेकांना एकदाही भेटले नव्हते.

सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "ते श्रीमंतांचं काम, साहेब. अठ्ठावीस मजल्यांत किती फ्लॅट?"

"बत्तीस."

"आमचे आठ मजल्यांत बत्तीस!"

सभा हसली, आणि मुद्दा बरोबर होता. दोन मजली गच्ची सोडायची चैन मध्यमवर्गीय इमारतीला झेपणार नाही. पण १.८ मीटरची बाल्कनी झेपत होती. ती २०१५ च्या कागदावर हिशेबात बसलेलीच होती.

मग खरं भांडण सुरू झालं : बंद केलेल्या बाल्कन्या उघडायच्या का? कोणी म्हणालं कबुतरं येतात. कोणी म्हणालं, मुलाचं अभ्यासाचं टेबल तिथं आहे. एका बाईंनी विचारलं ते मला अजून बोचतं : "आम्हाला खोली लहान दिलीत, मग आम्ही ती वाढवायची नाही?" मी लहान दिली नव्हती, पण त्यांच्यापुढे तेव्हा माझ्या धंद्याचा मीच एकटा प्रतिनिधी होतो.

काय केलं

पाऊस गेल्यावर भिंती वाळू दिल्या आणि नोव्हेंबरात पाइपनं फवारणी करून पाहिली. ही नेहमी खालून वर करायची. वरून सुरू केली तर ओघळ खालच्या सगळ्या सांध्यांवर जातो आणि दोष कोणाचा ते कळत नाही. एकेका सांध्यावर पंधरा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. नुसत्या फवाऱ्यात वारा नसतो, त्यामुळे पट्ट्या फारशा गळल्या नाहीत, पण इतर तीन वाटा सापडल्या : बीम आणि ब्लॉकच्या भिंतीच्या जोडावर जाळी न घालता केलेला गिलावा, आतल्या बाजूला उतार असलेली एसीच्या पाइपची भोकं, आणि बऱ्याच खिडक्यांची पाणी जायची भोकं. ती भोकं रहिवाशांनीच सिलिकॉननं बुजवलेली होती. 'इथून पाणी येतं' म्हणून. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं, पण भोक बुजवलं की वारा नसतानाही पट्टी भरते आणि पाणी आतच उतरतं.

रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दिसलेले बांधकामाचे दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. म्हणजे २०२४ पर्यंत मुदत. नोटिशीसोबत मी दोन्ही नकाशे आणि तक्त्याचा तो कोरा रकाना जोडला. पहिल्यांदा पुट्टी घेऊन दोन माणसं आली. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या पत्रानंतर बिल्डरचा अभियंता आला, वहिनींच्या घरी बसला, आणि त्याला आधणाचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. बेडरूमच्या खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या बदलायचं आणि कठड्याचा माथा नव्यानं करायचं त्यानं तिथंच कबूल केलं.

नव्या पट्टीची आतली कड ५० मिलिमीटर, पाणी निघायच्या भोकांवर बाहेरून झडपा. ९० पर्यंत जायचा माझा आग्रह होता, पण तेवढ्या उंच कडेला पाय अडखळतो आणि दर तिप्पट होतो. तौक्तेसारख्या दिवशी फडकी घेऊन बसायचं हे सभेनं मान्य केलं. कठड्याच्या लादीचा उतार आतल्या बाजूला केला, दोन्ही कडांना खाच. वरच्या तीन मजल्यांच्या बेडरूमवर दोन फुटी छज्जे, खाऱ्या हवेमुळे स्टेनलेस स्टीलच्या खुंट्यांवर. छज्जा वाऱ्याचा दाब अडवत नाही, हे मला पुनःपुन्हा सांगावं लागलं. भिंतीवरून येणारा लोट तो खिडकीच्या डोक्यावरून बाजूला टाकतो, एवढंच.

हॉलच्या बाल्कन्यांचं सगळ्यांना सारखं उत्तर निघालं नाही. चौघांनी बाहेरच्या काचा ठेवल्या पण हॉल आणि बाल्कनीमधलं काढून टाकलेलं सरकतं दार परत बसवलं, म्हणजे बाल्कनी भिजली तरी हॉल कोरडा. त्यातल्या एकानं मूळचं दार भंगारात विकलेलं, त्याला नवं घ्यावं लागलं. सात जणांनी पट्ट्या बदलल्या. दोघांनी काहीच केलं नाही. कोणीही काचा काढल्या नाहीत.

२०२२ चा पाऊस पश्चिमेकडूनच आला. जूनच्या एका रात्री वहिनींनी व्हिडिओ पाठवला. नव्या पट्टीच्या आतल्या कडेवर मी पेन्सिलनं १८ मिलिमीटरला एक रेघ मारून ठेवली होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज येतो, पाणी चढतं, रेघ ओलांडतं, बुडबुडतं, आणि कडेच्या निम्म्यावर थरथरत राहतं. मागून वहिनींचा आवाज : "आधण आलंय. उतू जात नाही."

आठव्या मजल्यावरचीच, पण वायव्येच्या कोपऱ्यातली एक बेडरूम मात्र अजून ओली होते. तिची पट्टी बदललेली, छज्जा बसवलेला, कठडा केलेला. पाइप लावून दोनदा पाहिलं, आत थेंब नाही. झड आली की कपाटामागे तासाभरात ओल. कपाट भिंतीत पक्कं बसवलेलं, आणि ते काढू द्यायला घरमालक तयार नव्हते. परवा त्यांचा फोन आला. गुरुवारी सुतार येतोय.